सुनयनी देवींचे चेहरे

सुनयनी देवींच्या चित्रांतल्या बायकांचे डोळे बहुधा अर्धे मिटलेले असतात. लांबट, कानाच्या दिशेने ओढलेले, जड पापण्यांचे हे डोळे पाहणाऱ्याच्या नजरेला क्वचितच नजर देतात. कागद लहान असतो. रंग पाण्यातले आणि मंद असतात: गेरूचा तांबूस, पिवळ्या मातीचा, शेवाळी हिरवा. चेहऱ्याभोवती पदराची कड, खांद्याचा गोल उतार आणि फार तर हातात एखादी वस्तू, एवढाच पसारा. ही बाई कोण, हे सांगणारी खूण चित्रात नसते. राधा म्हणावे तर राधा, आणि कलकत्त्याच्या एखाद्या मोठ्या घरातली दुपारी निवांत बसलेली सून म्हणावे तर तीही. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकांत हे चेहरे ज्या स्त्रीने रंगवले, ती कोणत्याही कलाशाळेची पायरी चढली नव्हती. तरी भारतीय चित्रकलेतल्या आधुनिक वळणाचा विचार तिला वगळून पुरा होत नाही.

सुनयनी देवींचा जन्म 18 जून 1875 रोजी कलकत्त्यातल्या जोडासांको इथे ठाकूर कुटुंबात झाला. गुणेंद्रनाथ आणि सौदामिनी देवी हे त्यांचे आईवडील. गगनेंद्रनाथ, समरेंद्रनाथ आणि अवनींद्रनाथ हे तिघे थोरले भाऊ आणि विनयिनी ही बहीण. रवींद्रनाथ हे वडिलांचे चुलतभाऊ, म्हणजे या भावंडांचे चुलतकाका. ठाकूरांची दोन घरे शेजारी शेजारी होती, पण त्यांचा धर्माचार वेगळा झाला होता. रवींद्रनाथांचे वडील देवेंद्रनाथ यांनी ब्राह्मो मत स्वीकारल्यावर त्यांच्या घरातून मूर्तिपूजा गेली. त्यांचे धाकटे भाऊ गिरींद्रनाथ यांच्या शाखेने मात्र कुलदैवत सोडले नाही, आणि ही शाखा पाच नंबरच्या घरात वेगळी नांदू लागली. गिरींद्रनाथांची नात असलेल्या सुनयनींची चित्रे पाहताना हा तपशील ध्यानात ठेवावा लागतो. राधा, कृष्ण, यशोदा, लक्ष्मी, शिव हे त्यांच्या घरात रोजचे होते. शेजारच्या घरात जन्मलेल्या मुलीला ते त्याच सहजपणे भेटले असते असे नाही.

वडील 1881 मध्ये वारले तेव्हा सुनयनी सहा वर्षांच्या होत्या. मुलग्यांसाठी चित्रकलेचे शिक्षक आले. अवनींद्रनाथांना पुढे युरोपीय चित्रकारांकडून तैलरंग आणि पेस्टलचे धडे मिळाले. मुलींसाठी असे काही झाले नाही. सुनयनींना चित्रे भेटली ती घरातल्या आत्याच्या खोलीत, भिंतीवर लावलेल्या देवादिकांच्या छापील तसबिरींमधून. उतारवयात सांगितलेल्या आठवणींत त्यांनी या तसबिरींचा उल्लेख केला आहे आणि त्यांत रवी वर्म्याच्या चित्रांचे नाव घेतले आहे. रवी वर्म्याचा छापखाना मुंबईत 1894 मध्ये सुरू झाला आणि नंतर लोणावळ्याजवळ मळवलीला गेला. त्या वेळी सुनयनी एकोणीस वर्षांच्या होत्या. तेव्हा अगदी लहानपणी पाहिलेली चित्रे त्याआधीची असणार: कलकत्त्यात छापलेली, कालीघाटच्या पटांची, कदाचित पुण्याच्या चित्रशाळेचीही, कारण 1878 मध्ये निघालेल्या त्या छापखान्याच्या देवांच्या तसबिरी महाराष्ट्राबाहेरही दूरवर पोचल्या होत्या. आठवणीत सगळी एका भिंतीवर येऊन बसली, यात नवल नाही. महत्त्वाचे हे की चित्र म्हणजे काय, हे सुनयनींना कलाशाळेच्या वर्गात कळले नाही. भक्तीने लावलेल्या, धुपाने काळवंडलेल्या, रोज नजरेखालून जाणाऱ्या स्वस्त छापील कागदावरून ते त्यांच्या मनात उतरले.

बाराव्या वर्षी त्यांचे लग्न रजनीमोहन चट्टोपाध्याय यांच्याशी झाले. राजा राममोहन रॉय यांच्या घराण्याशी त्यांचे नाते होते. त्यानंतर संसार, मुले आणि मोठ्या घराचा कारभार. हातात कुंचला आला तो वयाच्या तिशीच्या सुमारास, म्हणजे 1905 च्या आसपास. या सालाला बंगालमध्ये वेगळे वजन आहे. ऑक्टोबर 1905 मध्ये बंगालची फाळणी अमलात आली, रवींद्रनाथांनी राखीबंधनाची हाक दिली, विलायती मालावर बहिष्कार सुरू झाला. त्याच वर्षी अवनींद्रनाथांनी ‘भारतमाता’ रंगवली: भगव्या वस्त्रातली, चार हातांची, धुक्यातून उमटल्यासारखी तरुणी. युरोपीय तैलचित्रणाला पर्याय शोधण्याची जी धडपड नंतर ‘बंगाल शैली’ म्हणून ओळखली गेली, तिचे केंद्र सुनयनींच्याच घराचा दक्षिणेकडचा व्हरांडा होता. तिथे भाऊ बसून चित्रे काढत, जपानी पाहुणे येत, शिष्य जमत. बहिणीने हे सगळे पाहिले ते बैठकीत बसून नव्हे, घरातल्या बायकांच्या बाजूने. त्यामुळे तिने काय उचलले आणि काय सोडले, हे पाहणे उद्बोधक ठरते.

तिने उचलली ती मुख्यतः वॉश पद्धती. 1903 मध्ये योकोयामा ताइकान आणि हिशिदा शुन्सो हे दोन जपानी चित्रकार कलकत्त्यात येऊन राहिले. ओल्या कुंचल्याने रंगाच्या कडा विरघळवण्याची त्यांची रीत अवनींद्रनाथांनी जवळून पाहिली आणि तिला आपले वळण दिले: रंगवलेला अख्खा कागदच पाण्यात बुडवायचा, सुकू द्यायचा, पुन्हा रंगवायचा, पुन्हा बुडवायचा. सुनयनी देवींनी हीच क्रिया आपल्या पद्धतीने चालवली. आधी तांबड्या किंवा काळ्या रेषेने आकृतीची बाह्यरेषा काढायची. मग बारीक कुंचल्याने जलरंग भरायचे. मग कागद पाण्याच्या भांड्यात बुडवायचा. वर तरंगणारा रंग पाण्यात निघून जातो आणि कागदाच्या तंतूंत मुरलेला तेवढा मागे राहतो. कडा पुसट होतात, दोन रंगांमधली सीमा सैल पडते, रेषा अर्धी हरवते. हे अनेकदा झाल्यावर त्या धूसर पृष्ठावर चेहरा पुन्हा शोधून काढावा लागतो, आणि शेवटच्या रेषेने तो पक्का करावा लागतो.

महाराष्ट्रातल्या वाचकाला जलरंगातला स्त्रीचा चेहरा म्हटला की सावळाराम हळदणकरांची हातात समई घेतलेली मुलगी आठवते. म्हैसूरच्या जगनमोहन राजवाड्यात असलेले ते चित्र जलरंगाच्या दुसऱ्या परंपरेचे टोक आहे. तिथे जलरंग म्हणजे पारदर्शकता. प्रकाश जिथे हवा तिथे कागदाला धक्का लावायचा नाही, आणि एकदा दिलेला हात पुन्हा गिरवायचा नाही. कौशल्य आहे ते अचूक वेळ साधण्यात, आणि चित्रातली मुलगी ही खरोखर समोर उभी राहिलेली मुलगी आहे, चित्रकाराची लेक. वॉश पद्धतीत कागदाचा पांढरेपणा पहिल्याच बुडीत जातो. उजेड वरून पडत नाही, थरांच्या आतून येतो, तोही थोडाच. मुंबईच्या जे. जे. कलाशाळेने जोपासलेल्या व्यक्तिचित्रणात माणूस ओळखू येणे ही पहिली अट होती. सुनयनी देवींच्या चित्रात ओळखू यावे असे कोणी बसलेलेच नसते. दोन्ही जलरंगच, दोन्हीकडे स्त्रीचा चेहरा, पण एकाचे मोजमाप दुसऱ्याला लावता येत नाही. बंगाल शैलीच्या चित्रांना ‘धूसर’, ‘कमजोर रेखांकनाची’ म्हणून नाके मुरडली गेली, त्यामागे पुष्कळदा हीच गल्लत होती.

भावाची पद्धती घेतली तरी भावाचे विषय आणि त्याची नजर सुनयनींनी घेतली नाही. अवनींद्रनाथांच्या चित्रांत मोगल दरबाराची नजाकत आहे, कथेतला नेमका प्रसंग आहे, बोटांची आणि वस्त्रांची सूक्ष्म कारागिरी आहे. ‘शाहजहानचे अखेरचे क्षण’ पाहताना इतिहास माहीत असावा लागतो. सुनयनी देवींना प्रसंगाचे आकर्षण कमी. त्यांच्या गवळणी कुठे निघाल्या आहेत, हे चित्र सांगत नाही. यशोदा आणि कृष्ण यांच्यात कोणती खोडी घडली, हेही नाही. चेहरा, चेहऱ्याला वळसा घालणारी रेषा आणि त्या रेषेच्या आतला रंगाचा संथ विस्तार, एवढ्यावर चित्र उभे राहते. तपशील जितका गाळता येईल तितका गाळलेला आहे. मान आणि खांदा यांच्यामधला कोन नाहीसा होऊन एकच वळण उरते. पदराच्या चुण्या मोजून काढलेल्या नाहीत. शरीररचनेच्या दृष्टीने हात कित्येकदा चुकीचे आहेत, पण चित्राच्या तोलात ते योग्य जागी येतात.

ही रेषा त्यांना लोककलेतून मिळाली, हे सगळेच अभ्यासक मान्य करतात. कालीघाटच्या देवळाभोवती बसणारे पटुआ गिरणीच्या स्वस्त कागदावर जलरंगांनी झपाझप चित्रे काढत. कुंचल्याच्या एका सलग फटकाऱ्यात गाल, हनुवटी, दंड, आणि त्या रेषेच्या आतल्या बाजूने गडद रंगाचा पट्टा फिरवला की आकाराला गोलाई येई. गावोगावचे गुंडाळपट, मातीच्या बाहुल्या, व्रताच्या दिवशी बायका अंगणात काढत त्या अल्पना, हा सगळा दृश्यसंस्कार बंगाली घरात होता. अवनींद्रनाथांनी 1919 मध्ये ‘बांग्लार व्रत’ हे पुस्तक लिहून अल्पनांकडे सुशिक्षितांचे लक्ष वेधले. त्यांची बहीण मात्र हे अभ्यासाचा विषय म्हणून पाहत नव्हती. अल्पना काढणाऱ्या हातांमध्येच ती वाढली होती. पटुआंची रेषा तिने जशीच्या तशी उतरवली असेही नाही. पटुआचा फटकारा वेगवान, थोडा उद्दाम, बाजारात उभा राहणारा आहे. सुनयनी देवींची रेषा त्याच गोलाईची, पण पाण्यात भिजून मंदावलेली आहे. बाजारातल्या पटाला त्यांनी वॉशचे पाणी पाजले, आणि वॉशच्या धुक्याला पटाचा कणा दिला. या दोन गोष्टी एका कागदावर आणणे हे त्यांचे स्वतःचे काम. त्या काळात दुसऱ्या कोणी ते इतक्या लवकर आणि इतक्या सहजतेने केलेले दिसत नाही. लोककलेकडे वळून आधुनिक चित्रभाषा घडवणारे म्हणून जामिनी रॉय प्रसिद्ध झाले. त्यांचे ते वळण 1920 च्या दशकातले, आणि तोवर सुनयनी देवी पुष्कळ वर्षे या वाटेने चालत होत्या.

चित्रे काढण्याची त्यांची जागा म्हणजे घरातला तक्तपोश, बसायचा लाकडी पलंग. सकाळी आणि पुन्हा दुपारी त्या त्यावर बसून रंगवत. भोवती मुलेबाळे, नोकरचाकर, स्वयंपाकाच्या सूचना, हिशेब. स्वतंत्र स्टुडिओ नव्हता आणि समोर बसायला मॉडेलही नव्हते. आपली बहुतेक चित्रे आपल्याला स्वप्नात दिसली, असे त्या सांगत. हे विधान त्यांच्याविषयीच्या लिखाणात पुन्हा पुन्हा येते आणि त्याने त्यांचे थोडे नुकसानही केले आहे. स्वप्नात दिसले आणि उतरवले, असे म्हटले की चित्रकाराने घेतलेले निर्णय नजरेआड होतात. कागद किती वेळ पाण्यात ठेवायचा, कोणत्या ओलीत काढून पुढचा रंग द्यायचा, तांबडी रेषा कुठे हरवू द्यायची आणि कुठे परत आणायची, डोळ्याची पापणी शेवटच्या हातात किती गडद करायची, हे स्वप्न सांगत नाही. एक घटका उशीर झाला तर रंग बसून जातो, घाई झाली तर गाल आणि पार्श्वभूमी एक होतात. शेकडो कागद भिजवल्यावरच हे हाताला कळते. चेहरा स्वप्नातून येवो की आठवणीतून, तो कागदावर टिकवण्याचे ज्ञान रोजच्या बैठकीतून आले होते.

1922 च्या डिसेंबरमध्ये इंडियन सोसायटी ऑफ ओरिएंटल आर्टचे चौदावे वार्षिक प्रदर्शन कलकत्त्यात भरले. 1907 मध्ये स्थापन झालेल्या या संस्थेच्या त्या वर्षीच्या प्रदर्शनात जर्मनीतल्या बाउहाउस या कलाशाळेच्या चित्रकारांची चित्रे आली होती: पॉल क्ले, वासिली कांडिन्स्की, योहानेस इटेन, लायोनेल फायनिंगर. युरोपातली अगदी ताजी चित्रकला भारतात मूळ रूपात पाहायला मिळण्याचा तो पहिला मोठा प्रसंग. त्याच प्रदर्शनात भारतीय चित्रकारांमध्ये गगनेंद्रनाथांची घनवादाशी नाते सांगणारी चित्रे होती आणि सुनयनी देवींचीही चित्रे होती. तक्तपोशावर रंगवलेले गृहिणीचे जलरंग आणि क्लेचे कागद एका छताखाली लागले. तेव्हाच्या प्रेक्षकांना या शेजाराचा अर्थ कितपत लागला असेल ते असो. क्लेसारखा चित्रकार लहान मुलांच्या आणि आदिम समाजांच्या रेषेकडे मुद्दाम, शिक्षण विसरण्याची खटपट करून जात होता. सुनयनी देवींकडे विसरण्यासारखे शिक्षण नव्हते.

या प्रदर्शनामागे स्टेला क्रामरिश यांची खटपट होती. व्हिएन्नात शिकलेली ही तरुण कला-इतिहासकार रवींद्रनाथांच्या बोलावण्यावरून शांतिनिकेतनात आली आणि पुढे कलकत्ता विद्यापीठात शिकवू लागली. 1925 मध्ये तिने एका जर्मन कलानियतकालिकात सुनयनी देवींवर लेख लिहिला. भारतीय चित्रकारांपैकी फार थोड्यांच्या वाट्याला तोवर असे गंभीर लेखन आले होते, आणि स्त्रीच्या तर नाहीच. क्रामरिशला या चित्रांत आधुनिक भारतातली खरी सुरुवात दिसली: पाश्चात्त्य शिक्षणाचा स्पर्श नसलेली, ग्रामीण परंपरेशी नाळ न तुटलेली, आतून आलेली. 1927 मध्ये लंडनच्या विमेन्स इंटरनॅशनल आर्ट क्लबच्या प्रदर्शनात सुनयनी देवींची चित्रे लागली. घराबाहेर फारशी न पडलेल्या स्त्रीचे कागद समुद्र ओलांडून गेले.

क्रामरिशचे कौतुक मोलाचे होते. पण त्यातला ‘निरागस’, ‘आदिम’, ‘अशिक्षित’ हा सूर पुढच्या लेखकांनी सोयीने उचलला, आणि तिथून एक अडचण सुरू झाली. जोडासांकोच्या पाच नंबरच्या घरात वाढलेली स्त्री ग्रामीण कशी? देशातल्या सर्वांत सुसंस्कृत घरांपैकी एका घरातले वाचन, नाटक, संगीत, जपानी पाहुणे, भावांची चर्चा हे सगळे तिच्या कानांवर होते. तिने लोककलेचा मार्ग धरला तो दुसरा मार्ग माहीत नसल्यामुळे, असे मानणे तिच्यावर अन्याय करणारे आहे. तिच्यासमोर मोगल लघुचित्रे होती, रवी वर्म्याचे तैलवास्तव होते, भावांची जपानी वळणाची धूसरता होती. त्यांतून तिने निवडले. शिक्षण मिळाले नाही ही स्त्री म्हणून तिच्यावर आलेली अडवणूक होती. त्या अडवणुकीचेच गुण म्हणून गोडवे गाणे ही फारशी न्याय्य गोष्ट नव्हे. शिक्षण नसतानाही तिने काय साधले, हे पाहायला हवे. शिक्षण नसल्यामुळेच साधले, असे म्हटले की पुढच्या मुलीला शिकवण्याची गरजच उरत नाही.

सुनयनींनी कुंचला हाती घेतल्यावर दोन दशकांनी मुंबईत चित्र बदललेले दिसते. चित्रकार धुरंधरांच्या कन्या अंबिका आणि गोव्याच्या त्रिंदाद यांच्या कन्या अँजेला या दोघी जे. जे. कलाशाळेत शिकल्या. त्याही चित्रकारांच्या घरातल्याच मुली, पण वडिलांनी त्यांना वर्गात पाठवले. सुनयनींच्या पिढीला ते शक्य नव्हते. रवी वर्म्याची बहीण मंगलाबाई हीसुद्धा चित्रकार होती आणि तिचेही नाव भावाच्या नावाआड राहिले. चित्रकारांच्या घरात बहिणीचा हात चालणे ही त्या काळी अगदीच दुर्मीळ गोष्ट नव्हती. तो हात प्रदर्शनापर्यंत आणि समीक्षेपर्यंत पोचणे दुर्मीळ होते, आणि सुनयनी देवी तिथे पोचल्या.

त्यांच्या चेहऱ्यांना व्यक्तिचित्रे म्हणावे का, असा प्रश्न कुणालाही पडेल. नाव नाही, वय नाही, तीळ नाही, विशिष्ट नाक नाही. तरी पुष्कळ चेहरे शेजारी ठेवून पाहिले की ते एकसारखे नाहीत हे जाणवते. कुणाची पापणी झोपेने जड आहे, कुणाची प्रार्थनेने. एखादीच्या ओठांच्या कोपऱ्यात कंटाळा आहे, आणि तो कंटाळा देवीच्या चेहऱ्यावरही येतो. दुपारच्या वेळी मोठ्या घरातल्या बायका एकत्र बसलेल्या असताना त्यांच्या चेहऱ्यांवर जे गैरहजर भाव येतात, कुणी पाहत नसताना माणूस जसा असतो तसे, ते या कागदांवर उतरले आहेत. पुरुष चित्रकाराला अंतःपुरातली ही वेळ पाहायला मिळत नसे, आणि मॉडेल म्हणून बसवलेल्या बाईच्या चेहऱ्यावर ती येत नाही. हे चेहरे पाहणाऱ्याकडे बघत नाहीत कारण त्यांच्या जगात पाहणारा कोणी परका नाही. रवी वर्म्याच्या नायिका आपल्याला कोणी पाहते आहे हे जाणून उभ्या राहतात, आणि त्यांचे सौंदर्य त्या जाणिवेवर तोललेले असते. सुनयनी देवींनी त्या तसबिरी पाहिल्या होत्या, पण आपल्या चेहऱ्यांतून ही जाणीव काढून टाकली. त्यांच्या आधुनिकतेचा गाभा इथे आहे. विषय जुनाच ठेवून त्यांनी पाहण्याचे नाते बदलले.

अमृता शेरगिलच्या ‘तीन मुली’ या 1935 च्या चित्रात खाली नजर घातलेल्या तिघी आहेत. 1937 मध्ये बॉम्बे आर्ट सोसायटीचे सुवर्णपदक मिळालेले हे तैलचित्र सुनयनी देवींच्या कामाशेजारी ठेवले की दोन्ही स्त्रियांमधले अंतर आणि जवळीक कळते. शेरगिलने पॅरिसमध्ये रीतसर शिक्षण घेतले होते. तिच्या मुली समोर बसलेल्या आहेत, त्यांच्या शरीराला वजन आहे, पुढ्यात काय वाढून ठेवले आहे याची त्यांना जाणीव आहे. बाहेरून आलेली, करुणेने आणि काहीशा धाकाने पाहणारी नजर त्या चित्राला ताण देते. सुनयनी देवींच्या चेहऱ्यांत असा ताण नाही. एखाद्या बाईला आपल्याच घरातल्या बायकांविषयी वाटते तेवढेच त्यांना वाटते, आणि तेवढ्याने चित्र पुरे होते. शेरगिलचे चित्र अधिक बलवान आहे, हे मान्य करायला हवे. पण स्त्रीने स्त्रीचा चेहरा आपल्या नजरेने रंगवण्याची सुरुवात तिच्यापाशी होत नाही. शेरगिलचा जन्म 1913 चा. तेव्हा सुनयनी देवींचे कागद पाण्यात भिजू लागून सात-आठ वर्षे झाली होती.

कुटुंबातल्याच आणखी एका अशिक्षित चित्रकाराशी त्यांचे नाते जोडायला हवे. रवींद्रनाथ वयाची साठी उलटल्यावर, 1920 च्या दशकाच्या अखेरीस चित्रांकडे गंभीरपणे वळले, आणि 1930 च्या मे महिन्यात पॅरिसमध्ये त्यांचे पहिले प्रदर्शन भरले. त्यांच्या चित्रांतही निनावी स्त्रियांचे चेहरे पुन्हा पुन्हा येतात: लंबगोल, अंधारातून वर आलेले, डोळ्यांत प्रश्न असलेले. त्यांनाही कलाशाळेचे शिक्षण नव्हते, पण त्यांना कोणी ‘निरागस’ म्हटले नाही. त्यांच्या अशिक्षित रेषेत समीक्षकांना अबोध मनाची खोली दिसली. त्याच कुटुंबातली पुतणी वीस वर्षे आधी निनावी चेहरे रंगवत होती, तिच्याबाबत बोलले गेले ते साधेपणाविषयी. एकाच गुणाला पुरुषाच्या बाबतीत एक नाव आणि बाईच्या बाबतीत दुसरे मिळाले.

या कामाला मर्यादा आहेत, आणि त्या झाकण्यात अर्थ नाही. एकामागून एक पाहताना काही चित्रे केवळ गोड वाटतात. धूसरपणा कधी कधी चेहऱ्याचा कच्चेपणा झाकतो. पुरुष आकृतींना, कृष्ण सोडला तर, स्त्रियांच्या चेहऱ्यांइतका जीव येत नाही. अनेक आकृती एका चित्रात आल्या की रचना सैल पडते. एकट्या चेहऱ्याशी किंवा दोन-तीन निकट आकृतींशी त्यांचे सगळे बळ आहे. ‘अर्धनारीश्वर’ हा विषय त्यांच्या हाती नेमका बसतो. दोन देह एका बाह्यरेषेत आणायचे, पण त्यांच्यामध्ये भिंत घालायची नाही, हे वॉश पद्धतीला आपसूक जमणारे काम आहे. पाण्याने सैल केलेली सीमा तिथे शैलीचा अलंकार राहत नाही, विषयच सांगू लागते.

1930 नंतर जोडासांकोची भरभराट ओसरत गेली. गगनेंद्रनाथांना 1930 मध्ये पक्षाघात झाला आणि 1938 मध्ये ते गेले. पाच नंबरचे घर विकले गेले आणि पुढे पाडलेही गेले. ज्या व्हरांड्यात बंगाल शैली जन्मली, तो राहिला नाही. सुनयनी देवींचे चित्र काढणेही याच काळात मंदावले आणि पुढे थांबले. कलकत्त्यातली नवी पिढी 1943 च्या दुष्काळानंतर वेगळी भाषा बोलू लागली होती. वॉशमधल्या अर्धोन्मीलित डोळ्यांच्या बायका तिला भाबड्या आणि कालबाह्य वाटणे साहजिक होते. 1962 मध्ये सुनयनी देवी गेल्या तेव्हा चर्चेत त्यांचे नाव फारसे उरले नव्हते.

त्यानंतरच्या विस्मरणाला एक सरकारी मापही आहे. 1972 च्या पुरावशेष व कलानिधी कायद्याखाली नऊ चित्रकारांचे काम राष्ट्रीय कलानिधी ठरवले गेले. त्यांची चित्रे देशाबाहेर विकत नेता येत नाहीत. या नवांत रवी वर्मा आहेत, जामिनी रॉय आहेत, नंदलाल बोस आहेत, आणि जोडासांकोच्या एकाच कुटुंबातले तिघे आहेत: रवींद्रनाथ, गगनेंद्रनाथ, अवनींद्रनाथ. त्याच कुटुंबातली चौथी चित्रकार त्यांत नाही. नवांत स्त्री एकच, अमृता शेरगिल. ज्यांच्या तसबिरी त्यांनी पाहिल्या ते, ज्यांची पद्धती त्यांनी उचलली ते भाऊ, ज्यांच्या आधी त्या लोककलेकडे वळल्या ते, असे सगळे यादीत असताना त्यांचे नाव गाळले जाणे ही यादीची उणीव आहे.

कागदावरच्या जलरंगाचे हाल वेगळेच. त्याला प्रखर उजेड सोसत नाही, दमट हवा सोसत नाही, बुरशी लवकर धरते. संग्रहालयांना अशी चित्रे थोड्या काळासाठी भिंतीवर लावून पुन्हा अंधारात ठेवावी लागतात. दिल्लीच्या राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयात सुनयनी देवींची चित्रे आहेत, पण तैलचित्रांसारखी ती बारा महिने समोर राहू शकत नाहीत. छापील पुस्तकांत रंग उजळून येतात आणि थरांची खोली निघून जाते. मूळ कागदासमोर उभे राहिल्यावर दिसणारी सर्वांत मोलाची गोष्ट, म्हणजे रंग कागदावर बसलेला नसून कागदात मुरलेला असणे, छपाईत उमटत नाही. या चित्रांची कीर्ती मागे पडायला हे भौतिक कारणही आहे, आणि कला-इतिहास लिहिणाऱ्यांनी ते पुरेसे ध्यानात घेतलेले नाही.

पार्थ मित्तर यांचे ‘द ट्रायम्फ ऑफ मॉडर्निझम’ हे पुस्तक 2007 मध्ये आले. भारतीय चित्रकलेतल्या 1922 ते 1947 या काळाचा विचार करताना त्यांनी बाउहाउस प्रदर्शनाच्या सालापासून सुरुवात केली, आणि आरंभीच्या स्त्री चित्रकार म्हणून दोघींना एकत्र घेतले: सुनयनी देवी आणि अमृता शेरगिल. क्रामरिशच्या लेखानंतर इतक्या गंभीरपणे सुनयनी देवींकडे पाहिले जायला आठ दशके लागली. या मांडणीने क्रम बदलला. आधुनिक भारतीय चित्रकलेतल्या स्त्रीची गोष्ट पॅरिसहून परतलेल्या तरुणीपासून सुरू करण्याची सवय होती. ती आता एक पिढी मागे, कलकत्त्यातल्या एका घरातल्या तक्तपोशापासून आणि शेजारी ठेवलेल्या पाण्याच्या भांड्यापासून सांगावी लागते.